काम उद्यावर जाते तेव्हा

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ तरुणपणी वर्षभर भारतात राहिले होते. त्या मुक्कामात त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांना भेटायला आले. परतताना विमानातल्या सामानाची मर्यादा आड आली, म्हणून ते कपड्यांचे एक खोके अ‍ॅकरलॉफ यांच्याकडे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवून द्यायचे, एवढेच काम होते. या पार्सलपायी अख्खा दिवस जाईल, असा अ‍ॅकरलॉफ यांचा अंदाज होता. त्यामुळे रोज सकाळी उठल्यावर ते ठरवत, की आज नको, उद्या पाठवू. हे आठ महिन्यांहून अधिक काळ चालले. भारत सोडायची वेळ जवळ येऊ लागली, तेव्हा अमेरिकेला परतणाऱ्या दुसऱ्या एका मित्राच्या मोठ्या सामानात ते खोके घालायचे ठरले आणि विषय मिटला.

अ‍ॅकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ या दोघांनाही पुढे २००१ साली, मायकेल स्पेन्स यांच्यासह, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे हे खोके कोणा आळशी किंवा अडाणी माणसाच्या घरी पडून राहिले नव्हते. अ‍ॅकरलॉफ यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात हा प्रसंग स्वतःच सांगितला आणि त्याची उकल केली. आजचा त्रास डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. एका दिवसाच्या उशिराने होणारे नुकसान मात्र अगदी किरकोळ असते. म्हणून 'आज नको' हा निर्णय त्या-त्या दिवसापुरता रास्तच वाटतो. असे दोनशेहून अधिक रास्त निर्णय जमा झाले आणि त्यातून आठ महिन्यांची दिरंगाई झाली. हे खोके आठ महिने पाठवायचे नाही, असे पहिल्याच दिवशी कोणी ठरवले असते का? मुळीच नाही. तो निर्णय एकेका सकाळने घेतला.

चालढकलीबद्दल आपल्याला लहानपणापासून जे सांगितले जाते, त्याहून हे बरेच वेगळे आहे. आपल्याला सांगितले जाते, की हा आळस आहे, शिस्तीचा अभाव आहे, मन खंबीर कर. गेल्या तीन-चार दशकांतल्या मानसशास्त्रीय संशोधनाने दाखवले, की दोष शोधायचा तर तो स्वभावापेक्षा त्या एका क्षणात शोधावा. त्या क्षणी मनात काय चाललेले असते हे समजले, तर उपायही सापडतात, आणि ते आपल्या आवाक्यातले असतात.

थांबणे आणि टाळणे

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. पाऊस पडला तरी शेतकरी लगेच तिफण जुंपत नाही. जमिनीला वाफसा येईपर्यंत तो थांबतो. ही चालढकल नाही, कारण थांबण्यात त्याचा फायदा आहे आणि तो त्याला माहीत आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरच्या तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यांची व्याख्या अशी, की उशीर केल्याने आपलेच नुकसान होणार हे कळत असूनही ठरवलेले काम स्वतःहून पुढे ढकलणे म्हणजे चालढकल. 'कळत असूनही' हा तिचा गाभा आहे. म्हणूनच काम टाळून मिळालेली संध्याकाळ सुखाची नसते. माणूस टीव्हीसमोर बसतो, पण मन त्या कामाभोवतीच घुटमळत राहते.

स्टील यांच्या आढाव्यानुसार प्रौढांपैकी साधारण १५ ते २० टक्के लोकांना ही सवय कायमची जडलेली असते. विद्यार्थ्यांत तर ती सर्रास आढळते. काम पुढे ढकलले जाण्याची प्रमुख कारणे त्यांनी चार सांगितली. काम नावडते असते. त्याचे फळ लांब असते. ते आपल्याला जमेल असा भरवसा नसतो. आणि स्वभावात आवेग असतो, म्हणजे समोर आलेल्या मोहाकडे मन चटकन वळते. 'मला सगळे उत्तमच लागते, म्हणून उशीर होतो' हे कारण लोक वारंवार देतात, पण परिपूर्णतेचा ध्यास आणि चालढकल यांचा संबंध या आढाव्यात अगदी क्षीण निघाला.

आपण टाळतो काय?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डायान टाइस, एलेन ब्रात्स्लाव्स्की आणि रॉय बॉमिस्टर यांनी २००१ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात सहभागी लोकांना सांगितले होते, की थोड्या वेळाने गणिती चाचणी आहे, तोवर सराव करता येईल. खोलीत मन रमवायच्या गोष्टीही ठेवल्या होत्या. आधी काही जणांचे मन मुद्दाम उदास केले गेले. अशा उदास लोकांनी सराव सोडून करमणुकीत वेळ घालवला. मात्र त्यांच्यातल्या काहींना एक सुगंधी मेणबत्ती लावून सांगितले होते, की हिच्या वासाने तुमची आत्ताची मनःस्थिती काही वेळ जशीच्या तशी राहील. मेणबत्ती साधीच होती. तरीही या गटाने काम टाळले नाही. करमणूक करून मन हलके होणारच नसेल, तर मग करमणूक कशाला?

चालढकलीचा हेतू त्या मेणबत्तीने उघड केला. काम समोर येताच भीती, कंटाळा, गोंधळ, अपराधीपणा असे काहीतरी अप्रिय वाटू लागते. काम बाजूला सारले, की ते वाटणे लगेच कमी होते. ही सुटका म्हणजे बक्षीसच, आणि बक्षीस मिळालेली कृती मन पुन्हा करते. फ्युशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ साली याच दिशेने मांडणी केली, की चालढकल करणारा माणूस आत्ताची मनःस्थिती सावरण्याला प्राधान्य देतो आणि त्याची किंमत पुढच्या काळातल्या स्वतःला मोजायला लावतो.

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. वडील जाऊन वर्षे उलटली, तरी सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे, अशी घरे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. जमिनीवर हक्क आला, की तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. ई-हक्क प्रणालीमुळे वारसनोंदीचा अर्ज आता ऑनलाइनही करता येतो. मृत्यूचा दाखला, उतारा, वारसांची माहिती असे कागद घरातच असतात किंवा सहज मिळतात. मग काम का राहते? कपाटातली वडिलांची फाइल उघडायची, म्हणजे त्यांचे अक्षर दिसणार, सह्या दिसणार. भावंडांत हिश्शाचा विषय निघणार. बहिणीचे नाव लावायचे, की तिच्याकडून हक्कसोडपत्र मागायचे, हे बोलावे लागणार. अर्ज भरायला फार वेळ लागत नाही, पण त्या अर्जाशी जोडलेले दुःख आणि संकोच मोठे असतात. 'वेळ मिळाला नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा धीर झालेला नसतो. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मान्य केले, तर धीर कसा येईल याचा विचार सुरू होतो. नुसती नवी डायरी आणून तो येत नाही.

दोन समजुती

चालढकलीला दोन समजुतींचा मोठा आधार असतो. पहिली ही, की दडपण आल्यावरच माझे काम चांगले होते. टाइस आणि बॉमिस्टर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे एक अख्खे सत्र तपासले होते. सुरुवातीला चालढकल करणाऱ्यांची चैन होती. इतरांपेक्षा त्यांना ताण कमी होता आणि प्रकृतीच्या तक्रारीही कमी होत्या. सत्र संपत आले, तसे चित्र उलटले. त्यांचा ताण आणि आजारपण इतके वाढले, की सगळ्या सत्राचा हिशेब केल्यावर तेच अधिक त्रासलेले ठरले. गुणही त्यांना कमी मिळाले. शेवटच्या रात्री काम पूर्ण होते हे खरे, पण ते चांगले होते असा पुरावा या अभ्यासात मिळाला नाही. रात्र संपल्यावर जो सुटकेचा आनंद होतो, त्यालाच आपण कामाचा दर्जा समजून बसतो.

दुसरी समजूत ही, की अजून भरपूर वेळ आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले होते, की तुमचे काम कधी पूर्ण होईल? सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. सगळेच बिनसले तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक दिवस. म्हणजे सगळे बिनसेल असे धरून केलेला अंदाजही अपुरा पडला. अंदाज करताना आपण कामाचा सरळ रस्ता डोळ्यांसमोर आणतो. घरातले आजारपण, पाहुणे, बंद पडलेला संगणक आणि सुटीवर गेलेला कारकून त्या रस्त्यावर दिसत नाहीत. म्हणून नवे काम हाती घेताना 'याला किती वेळ लागायला हवा' याऐवजी 'असेच काम मागच्या वेळी किती दिवसांत झाले होते' हे स्वतःला विचारावे.

निर्णय आधीच घेऊन ठेवावा

चालढकल ऐन क्षणी, मनाच्या त्या वेळच्या रंगावर घेतलेल्या निर्णयांनी होत असेल, तर खरा उपाय असा, की त्या क्षणावर निर्णय सोडूच नये. तो शांत डोक्याने आधी घेऊन ठेवावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचे काम याच मुद्द्यावर आहे. त्यांनी आणि वेरोनिका ब्रांडस्टेटर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक काम दिले. नाताळची पूर्वसंध्या कशी घालवली, याचा अहवाल त्यानंतर दोन दिवसांच्या आत लिहून पाठवायचा होता. अर्ध्या विद्यार्थ्यांकडून, तो नेमका केव्हा आणि कुठे बसून लिहिणार, हेही ठरवून घेतले. सणाच्या धामधुमीत साध्या गटातल्या जेमतेम एकतृतीयांश मुलांनी अहवाल वेळेत लिहिला. वेळ आणि जागा ठरवलेल्यांपैकी तो ७० टक्क्यांहून अधिक जणांनी लिहिला. २००६ साली गॉलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही परिणाम ठळकच दिसला.

या संकल्पाची रचना साधी असते. अमुक झाले, की मी तमुक करीन. 'या महिन्यात वारसनोंद करायचीच' यात निश्चय आहे, पण तो केव्हा अमलात आणायचा हे रोज नव्याने ठरवावे लागते. 'रविवारी सकाळचा चहा झाला, की कपाटातली फाइल काढून मृत्यूचा दाखला वेगळा ठेवीन' यात ठरवायचे काही उरत नाही. चहा संपणे हीच खूण होते आणि हात आपसूक कपाटाकडे जातो. खूण रोजच्या ठरलेल्या गोष्टीला बांधलेली असावी. 'सवड झाली की' ही खूण नव्हे, कारण सवड कधी झाली हे पुन्हा मनालाच विचारावे लागते.

या वाक्यातली दुसरी गोष्टही तेवढीच महत्त्वाची आहे. त्यात वारसनोंद करायची नाही, फक्त दाखला वेगळा ठेवायचा आहे. पहिले पाऊल इतके लहान असावे, की त्याची भीती वाटू नये. 'प्रबंध लिहिणे' याची धास्ती वाटते, पण 'दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात काय येईल ते तीन ओळींत लिहिणे' याची वाटत नाही. 'स्पर्धा परीक्षेचा अभ्यास' याला सुरुवातच नसते. 'आधुनिक भारताच्या इतिहासातले एक प्रकरण वाचून त्यावरचे मागील वर्षांचे प्रश्न सोडवणे' याला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. मन लागल्यावर काम सुरू करू, असे आपण म्हणतो. अनुभव बहुधा उलटा येतो. काम सुरू झाल्यावर, ते वाटले होते तितके भयंकर नाही हे कळते आणि मग मन लागते. विद्यार्थ्यांच्या दिनक्रमाच्या नोंदी घेताना पिचिल यांनाही हेच आढळले. सुरुवात झाल्यावर टाळलेले काम तितके अवघड आणि तापदायक वाटेनासे होते.

इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर वेळ लावून अभ्यास सुरू केला. त्यातून २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही जगभर पसरलेली पद्धत निघाली. २५ या आकड्यात जादू नाही. कोणाला ४० मिनिटे सोयीची पडतील, कोणाला १५. पद्धतीचे बळ तिच्या वचनात आहे. काम संपवायचे नसते, फक्त घंटा वाजेपर्यंत त्याच्यापाशी बसायचे असते. हे वचन भित्र्या मनालाही देता येते.

बसल्यावर लक्ष कसे टिकवावे?

काम सुरू झाले, तरी ते टिकवणे ही वेगळी लढाई आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क वर्षानुवर्षे लोकांचे संगणकावरचे काम मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे थांबत असे. २०१२ मध्ये हा काळ ७५ सेकंद झाला आणि अलीकडच्या वर्षांत तो ४७ सेकंदांच्या आसपास आला आहे. यातला बराच व्यत्यय बाहेरून येत नाही. कोणी हाक मारलेली नसते, आपणच काम सोडून दुसरीकडे जातो.

अशा प्रत्येक फेरीची किंमत असते. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवले, की एका कामावरून दुसऱ्यावर गेल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरे काम त्या मानाने कच्चे होते. पहिले काम अर्धवट सुटले असेल, तर हा त्रास अधिक. पुढे २०१८ साली त्यांनी आणि थेरेसा ग्लोम यांनी त्यावर उपायही सुचवला. मध्येच उठावे लागले, तर उठण्यापूर्वी मिनिटभर थांबून लिहून ठेवावे, की मी कुठवर आलो आहे आणि परतल्यावर पहिल्यांदा काय करायचे आहे. मनाला त्या कामाची राखण करायची गरज उरत नाही, आणि परतल्यावर पुन्हा सुरुवात करणेही सोपे जाते.

मोबाइलबाबत निग्रहापेक्षा अंतरावर विसंबावे. फोन नुसता टेबलावर असला, तरी विचारशक्ती थोडी कमी पडते, असे २०१७ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले होते. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो परिणाम तितका ठळक आढळला नाही. तरी एक साधी गोष्ट राहतेच. फोन दुसऱ्या खोलीत असेल, तर तो घ्यायला उठावे लागते, आणि तेवढ्या वेळात 'मी का उठतो आहे' हे ध्यानात येते. आवेगी स्वभावाच्या माणसाला हा वेळ फार मोलाचा आहे. घरात वेगळी खोली नसेल, तर फोन काही वेळ घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावा. गावोगावच्या अभ्यासिका विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. आजूबाजूला सगळे खाली मान घालून वाचत असतील, तर मोहाशी झगडायची गरजच कमी पडते.

ज्यांना शेवटची तारीख नाही

सरकारी कार्यालयात फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडून राहू नये, असे महाराष्ट्राचा २००५ सालचा कायदा सांगतो. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. आपल्या स्वतःच्या कामांना असा कायदा नसतो. परीक्षा, विवरणपत्र, वीजबिल यांना निदान तारीख असते. ती जवळ आली, की धावपळ करून का होईना, काम होते. खरी हानी होते ती तारीख नसलेल्या कामांत. चाळिशीनंतरची साखर आणि रक्तदाबाची तपासणी, मृत्युपत्र, दुरावलेल्या भावाला करायचा फोन, म्हाताऱ्या आईकडून तिच्या आठवणी ऐकून टिपून ठेवणे, मनात कधीचे घोळणारे पुस्तक. यांच्या बाबतीत उशीर झाला, हे सांगायला कोणीच येत नाही. आणि कळते, तेव्हा काही वेळा भरपाई शक्य नसते.

या कामांना तारीख आपणच द्यायला हवी, आणि ती दुसऱ्या माणसाच्या साक्षीने द्यावी. तपासणीची वेळ प्रयोगशाळेत आधीच नोंदवावी आणि बायकोला किंवा मुलाला बरोबर यायला सांगावे. मृत्युपत्रासाठी वकिलाची भेट ठरवून टाकावी. आईच्या आठवणी टिपायच्या असतील, तर तिलाच सांगून ठेवावे, की दर शनिवारी दुपारी मी तुझ्यापाशी बसणार आहे. ती वाट पाहील, आणि वाट पाहणारे माणूस असले, की 'पुढच्या आठवड्यात बघू' हे शब्द सहज तोंडातून निघत नाहीत.

ठरवूनही राहिले तर

इतके करूनही काही दिवस हातचे जाणार. अशा वेळी स्वतःला धारेवर धरायचे, असा आपला शिरस्ता आहे. संशोधन मात्र वेगळे सांगते. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि तो २०१० साली प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेच्या तयारीत चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. कारण समजायला कठीण नाही. काम आधीच नकोसे वाटत होते. त्यावर लाज आणि संताप चढवला, की ते अधिकच नकोसे होते, आणि नकोशा भावनेपासून पळणे हेच तर या सवयीचे मूळ आहे. मुलांच्या अभ्यासावरून घरात रोज वाद घालणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात घ्यावे. 'तू आळशीच आहेस' या वाक्याने मूल पुस्तकापासून आणखी एक पाऊल दूर जाते. 'यातले तुला काय जड जाते, दाखव बरे' या वाक्याने ते जवळ येऊ शकते.

काही वेळा मात्र प्रश्न सवयीपुरता नसतो. लक्ष न टिकण्याचा त्रास लहानपणापासून प्रत्येक ठिकाणी होत असेल, किंवा आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर अवधानाची समस्या किंवा नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. 'टेलिमानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. हा फोनही पुढे ढकलला जाण्याची शक्यता असते, म्हणून घरच्या माणसाने शेजारी बसून तो लावून द्यावा.

हा लेख वाचताना बहुतेकांना आपले एखादे राहिलेले काम आठवले असेल. ते आजच पूर्ण करावे, असे मी म्हणणार नाही. त्यातले नेमके काय नकोसे वाटते, ते एका ओळीत लिहावे. मग दहा मिनिटांत होईल असे त्याचे पहिले पाऊल शोधावे आणि ते उद्या कशानंतर, कुठे बसून करायचे, हे त्या ओळीखाली लिहावे. त्यानंतर तो कागद घरातल्या एका माणसाला वाचून दाखवावा. धीर एकट्याने गोळा करायचा नसतो, तो मागितला तर मिळतो.